भिंतीला गुदगुल्या

मिस्त्री बोलायचे कमी, आणि घाई त्यांना जन्मात कधी झाली नव्हती. गिलाव्याचं काम त्यांच्याकडे दिलं की घरमालक आधी खूश असायचा, मग कासावीस व्हायचा आणि शेवटी हात टेकायचा. किती दिवस लागतील असं विचारलं तर उत्तर एकच, "होईल." लोक डोकं धरून बसायचे. पण भिंत पुरी झाली की तेच लोक तिच्यावरून हात फिरवत उभे राहायचे आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मिस्त्रीणबाई म्हणायची, आणि हे नाव तिनं कमावलेलं होतं. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या हाताखाली राबली. वाळू चाळायची, सिमेंट कालवायचं, घमेलं भरून दोरीला अडकवायचं, आणि वरून "पातळ" किंवा "घट्ट" एवढा एक शब्द आला की पुढचं घमेलं तसं करायचं. मिस्त्री वर परांचीच्या फळीवर, मिस्त्रीणबाई खाली जमिनीवर, ही वाटणी संसारभर मोडली नाही. त्यामुळे कुठलीही भिंत तिला हात पोचेल तेवढीच ओळखीची होती. त्याच्या वरचं सगळं मिस्त्रींचं राज्य.

काम संपून अवजारं धुऊन झाली, पिशव्या भरल्या, ती निघायच्या तयारीत उभी राहिली, की मिस्त्रींना हमखास एक जादा काम आठवायचं. खिशातून ते एक वाकडा खिळा काढायचे आणि भिंतीच्या पायथ्याशी उकिडवे बसायचे. गिलावा जमिनीच्या थोडा वर जिथे संपतो तिथे ते पत्र्याची पट्टी बसवत, बारीक भोकांची. त्या भोकांत खिळा टोचत टोचत ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकत जायचे. पोटात कावळे ओरडत असायचे, आणि हा माणूस आपला टोचतोय.

"झालं का भिंतीला गुदगुल्या करून?" ती विचारायची.

"अजून हसली नाही," ते म्हणायचे, आणि पुढच्या भोकाकडे सरकायचे.

यापलीकडे त्या खिळ्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नाही. तिला वाटायचं, दिवसभर ताठ उभं राहून पाठ धरते, म्हणून हा बसायचा बहाणा आहे. आणि मिस्त्रींना आपण होऊन कुणाला काही समजावून सांगायचं म्हणजे दात काढून घेतल्यासारखं व्हायचं. स्वतःच्या घरालाही ते हिवाळ्याच्या तोंडावर असंच एकदा निरखून घ्यायचे. शिडी लावून पन्हळातला पाला काढायचे, वळचणीखालच्या आणि खिडक्यांच्या कडा बघायचे, भेगा भरायचे, आणि सगळ्यात शेवटी घराला प्रदक्षिणा घालत गुदगुल्या. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची वाकलेली पाठ सरकताना बघायची आणि स्वतःशीच हसायची.

आणि एका सकाळी मिस्त्री चहाचा कप उचलायला गेले आणि तो उचललाच गेला नाही. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हात तेवढा त्यांचा राहिला होता. डॉक्टरांनी पाटी-पेन्सिल देऊन पाहिली. डाव्या हातानं त्यांनी पाटीभर रेघा ओढल्या आणि पाटी बाजूला सारली. शब्द डोक्यातूनच निसटलेत, हाताचा दोष नाही, असं डॉक्टरांनी बाईंना सांगितलं. आधीच मोजून बोलणारा माणूस, त्याचं तेवढंही काढून घेतलं.

त्यांचा पलंग मागच्या खोलीत घातला, कारण न्हाणीघर तिथून जवळ आणि दुसरी खोली जिन्यावर. पण गाव उंचावरचं, कडक थंडीचं, आणि मागची भिंत वाऱ्याच्या तोंडाला होती. सारा पाऊस, सारा गारठा पहिल्यांदा तिच्यावर आपटायचा. त्या वर्षी पन्हळ साफ करायला कोणी नव्हतं. थंडीआधीच्या पावसात तो तुंबला, पाणी भिंतीवरून वाहिलं आणि आतल्या बाजूला खिडकीखाली एक डाग उमटला.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. मिस्त्रींची छाती आता फार सोसणार नाही, ओलीच्या खोलीत हिवाळा काढला तर न्यूमोनिया ठेवलेलाच. लेक दुसऱ्या गावात नोकरीला, पाळीपाळीचं काम, उंच इमारतीत एवढंसं घर. ती आली, डाग बघितला आणि आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिच्या गावाजवळ एक शुश्रूषागृह आहे, ती बघून आलीय, स्वच्छ आहे, उबदार आहे, असं सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "आई, यंदा ही भिंत कोरडी राहिली तर बाबा इथेच. नाही राहिली तर मी त्यांना घेऊन जाणार. मग तू माझ्याशी भांडू नकोस."

मुलीचं काही चुकत नव्हतं, आणि हेच बाईंना जास्त लागलं. लेक गेल्यावर ती पलंगाशी बसली आणि मिस्त्रींचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्हाला या घरातून कोणी हलवणार नाही. भिंतीचं मी बघते." मिस्त्रींनी तिचा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. एवढ्या वर्षांत तिनं ती पहिल्यांदा पाहिली.

तिनं पदर खोचला. मिस्त्रींच्या हाताखालची माणसं कधीच पांगली होती. एकाला निरोप धाडला, तो "येतो येतो" म्हणाला आणि आला नाही. तेव्हा तिनं स्वतःच थापी उचलली. आधी तारेच्या ब्रशनं पोपडे खरवडून काढले. भेगा थोड्या रुंद करून धुतल्या, पाणी मारलं, आणि अगदी बारीक चाळलेल्या वाळूचा माल त्यात दाबून भरला. माल कालवण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हताच. खिडकीभोवतीच्या कडा बुजवल्या. स्टुलावर चढून जिथवर हात पोचला तिथवर गेली. शिडीलाही तिनं हात घातला, पण चौथ्या पायरीवर आपण पडलो तर यांचं काय, या विचारानं ती खाली उतरली. पन्हळातला पाला तिनं काठीनं खालूनच पाडला, वळचणीखालची कड मात्र तशीच राहिली. वर छप्पर पुढे आलेलं आहे, तिथे पाणी कशाला जाईल, असं तिनं मनाला समजावलं. जे दिसत नाही त्याची काळजी माणूस फार वेळ करत नाही.

मग ती खाली वळली. खालचा भाग तिचा, हक्काचा. तिथली पत्र्याची पट्टी गंजून गेली होती आणि तिला भोकंच भोकं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. एवढी वरची भिंत जिवापाड बुजवायची आणि खाली ही चाळण उघडी? जमिनीवरून पाणी उडतं ते इथूनच आत शिरत असणार, वाराही इथूनच. हार्डवेअरच्या दुकानात तिनं विचारलं, तर दुकानदारानं भोकं बुजवायच्या सीलंटच्या नळ्या आणि त्या दाबायची बंदूक पुढ्यात ठेवली. "काकू, हे भरा. पाण्याचा बाप आला तरी आत जायचा नाही."

ते खरंच होतं. फक्त आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येईल, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

ती पायथ्याशी उकिडवी बसली, अगदी मिस्त्री बसायचे तशी, आणि एकेक भोक भरत निघाली. बंदुकीचा घोडा दाबला की "टक" असा आवाज व्हायचा. ती उभी असेपर्यंत मिस्त्रींना खिडकीतून तिचं डोकं दिसत होतं. आता ती दिसेनाशी झाली आणि भिंतीच्या मुळाशी तो आवाज तेवढा सरकत गेला. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक.

आतून धडधड ऐकू आली. ती धावत गेली. मिस्त्री डाव्या मुठीनं पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटत होते. चेहरा लाल झाला होता. ती जवळ जाताच त्यांनी तर्जनी पुढे केली आणि हवेत टोचू लागले. खाली बोट दाखवायचे, मग टोचायचे. पुन्हा खाली, पुन्हा टोचायचे.

बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते कित्येक महिन्यांत फुटलं नव्हतं.

"अगं बाई," ती म्हणाली. "गुदगुल्या! तुम्हाला आठवतंय?"

मिस्त्रींनी जोरात मान हलवली. नाही की हो, ते त्या मानेवरून कुणालाच कळलं नसतं. ते आणखी जोरानं टोचू लागले. "अजून हसली नाही हो तुमची भिंत," ती म्हणाली आणि पांघरुणाखाली हात घालून तिनं त्यांच्या डाव्या तळपायाला गुदगुल्या केल्या. मिस्त्रींच्या घशातून कसलासा आवाज आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिचेही डोळे भरले. नवरा शब्द विसरला होता पण दोघांची थट्टा विसरला नव्हता. याहून मोठं सुख तिनं त्या वर्षी मागितलं नसतं.

तिनं लगेच लेकीला फोन लावला. "तुझे बाबा थट्टा करायला लागलेत," तिनं सांगितलं, आणि दोघी मायलेकी फोनवर रडल्या. पुढे कितीतरी दिवस मिस्त्री तसंच टोचत राहिले आणि ती हसून त्यांच्या पायाला गुदगुल्या करत राहिली. मग त्यांनी ते सोडून दिलं. बोट पांघरुणावर नुसतं पडून राहायला लागलं. कंटाळले असतील, असं ती म्हणाली.

मधल्या काळात तिनं भिंतीला पाणी न शोषणाऱ्या रंगाचे दोन हात मारले. भिंत लग्नघरासारखी दिसू लागली. आतला डागही फिकट झाला. लेक येऊन गेली, तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि आईला मिठी मारली. बाईंचा जीव भांड्यात पडला. गल्लीत ती दोन दिवस जरा छाती काढूनच चालली, आणि ते तिला शोभतही होतं.

मग खरा हिवाळा आला. आठवडाभर पाऊस लागला, गार आणि तिरका, आणि पाठोपाठ गोठवणारी थंडी. पहाटे खिडकीच्या काचेवर बर्फाची साय धरायची, दुपारी वितळायची, पुन्हा धरायची. एक दिवस पलंग सरकवताना बाईंचा हात भिंतीला लागला आणि ओला झाला. खिडकीखाली नव्हे, त्याच्याही खाली, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत, सगळी भिंत थंड घाम सुटल्यासारखी ओली होती.

तिनं पलंग खोलीच्या मध्यावर ओढला. विजेची शेगडी भिंतीकडे तोंड करून ठेवली. बाहेर जाऊन भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. आवाज पोकळ होता. जन्म या धंद्यात गेलेल्या बाईला त्या आवाजाचा अर्थ कुणी सांगायला नको होता. गिलावा आतून सुटला होता. रंग जागोजागी फुगून आला होता, आणि फोड दाबला की आत पाणी हलायचं. आणखी भेगा असतील म्हणून तिनं त्या शोधल्या. एकही सापडली नाही. तिचं काम कुठेही उसवलेलं नव्हतं. मग हे पाणी येतं कुठून, हे तिला काही केल्या कळेना, आणि ज्याला कळत होतं तो माणूस खोलीच्या मध्यावर छताकडे बघत पडला होता.

मिस्त्रींना खोकला लागला. आधी कोरडा, मग छातीत घरघर. भिंतीवर काळी बुरशी चढली. लेक येणार होती त्या दिवशी बाईंनी ती फडक्यानं पुसून काढली, भिंतीला चादर लावली, खोलीत अत्तर शिंपडलं. लेक दारातच थांबली. ओलीचा वास अत्तरानं जात नाही, उलट अत्तरालाच तो लागतो. तिनं चादर बाजूला केली. डॉक्टर येऊन गेले. त्यांनाही फारसं बोलावं लागलं नाही.

"मला वाईट म्हण," लेक आईला म्हणाली. "पण मी त्यांना इथे मरू देणार नाही."

मिस्त्रींना इथेच मरायचं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण भांडायचं नाही असं ठरलं होतं.

गाडी येणार त्या सकाळी ऊन पडलं होतं, हिवाळ्यात पडतं तसं, नुसतं उजेडाचं. लेक आत बाबांचे कपडे भरत होती. बाईंनी मिस्त्रींचा कामावरचा जाड कोट काढला, प्रवासात ऊब राहील म्हणून, आणि झटकायला मागच्या दारी आली. तेवढ्यात धप्प असा आवाज झाला.

ती वळून बघते तो काय, मागच्या भिंतीचा भलामोठा पोपडा जमिनीवर येऊन फुटला होता. उघड्या पडलेल्या जागी आत बर्फ होता. भिंत आणि गिलावा यांच्यामध्ये पातळ, मळकट बर्फ, आणि त्याचा ओघळ वरून, थेट वळचणीच्या कडेपासून आलेला. खाली पत्र्याची पट्टी आणि त्या पट्टीत तिनं भरलेलं सीलंट. पांढरं, घट्ट, कुठेही न चिरलेलं. वरून आलेलं सगळं पाणी त्यानं अडवून धरलं होतं. पाण्याचा थेंबही त्यानं बाहेर जाऊ दिला नव्हता.

मिस्त्रीणबाई तिथेच खाली बसली. तिच्या हातात कोट होता. तिनं खिशात हात घातला, आणि वाकडा खिळा बोटांना लागला.

पहिलं भोक मोकळं करायला वेळ लागला. सीलंट चिवट होतं, चांगलं भरलेलं होतं. खिळा आरपार गेला तसा बर्फाचा चुरा बाहेर आला, आणि मग पाणी. गढूळ, बर्फासारखं गार, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. तिनं दुसरं भोक मोकळं केलं, तिसरं केलं. पाणी येतच राहिलं. एवढं पाणी या माणसाच्या उशाशी मी साठवून ठेवलं, ती मनाशी म्हणाली, आणि वरून त्याच्या पायाला गुदगुल्या केल्या.

ती तशीच आत गेली. लेक मिस्त्रींना उठवून बसवत होती.

"अहो," बाई म्हणाली. "ती भोकं पाणी बाहेर पडायला होती. तुम्ही मला सांगत होतात."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या ओल्या हाताकडे आणि त्यातल्या खिळ्याकडे बघितलं. त्यांनी डावा हात पुढे केला, तिचा पंजा धरला आणि आपल्या पांघरुणाला पुसून कोरडा केला. सावकाश, एकेक बोट. घाई त्यांना जन्मात कधी झाली नव्हती.

बाई लेकीकडे वळली. "आता कळलंय मला. मी सगळी भोकं मोकळी करते. वळचणीची कड करून घेते. भिंत सुकेल. त्यांना राहू दे."

"कधी सुकेल, आई?"

लेकीनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच ऐकायचं होतं. बाईंनी एखादा आठवडा म्हटलं असतं तर कदाचित गाडी परत गेली असती. पण गिलाव्याच्या बाबतीत खोटं बोलायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती, आणि मिस्त्री तिच्याकडे बघत होते.

"उन्हाळा लागल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

मिस्त्रींनी हळूच मान हलवली. या वेळी ती "हो" होती, तिघांनाही कळली.

त्यांना कोट घातला आणि गाडीत बसवलं. शुश्रूषागृह स्वच्छ होतं, उबदार होतं, लेक म्हणाली होती तसंच. बाई दर आठवड्याला जायची. भिंतीचं काय काय झालं ते त्यांना सांगायची आणि ते ऐकायचे. छाती मात्र सुधारली नाही. जी ओल आत शिरायची ती शिरून गेली होती. थंडी ओसरायच्या आधीच एका दुपारी ते गेले, अनोळखी खोलीत, दुसऱ्या कुणीतरी रंगवलेल्या भिंतीकडे तोंड करून. बाई त्या वेळी बसमध्ये होती.

उन्हाळ्यात भिंत सुकली. एका गवंड्याकडून तिनं वळचणीची कड बंद करून घेतली, पडलेला भाग नव्यानं करून घेतला. माल तिनंच कालवून दिला. खोली इतकी कोरडी झाली की पलंगाच्या लाकडी फळ्या कुरकुरायला लागल्या. गादी तिनं गुंडाळून ठेवली होती. अधूनमधून ती आत जायची आणि भिंतीला तळहात लावून उभी राहायची. जेवढी कोरडी लागायची तेवढं तिला सोसवायचं नाही.

पुन्हा हिवाळ्याचं तोंड आलं. पहिला गार वारा सुटला त्या दिवशी तिनं खिळा घेतला आणि मागच्या भिंतीशी उकिडवी बसली. कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक भोक, मग पुढचं. पाठ धरली. बसायचा बहाणा नव्हता तर हा, तिच्या मनात आलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, पण आत कोणी नव्हतं.

"झालं का भिंतीला गुदगुल्या करून?" तिनंच विचारलं, जरा मोठ्यानं, आणि उत्तरासाठी थोडं थांबली. मग पुढच्या भोकाकडे सरकली.